सल्ला हवा: रिटर्नचं सॉफ्टवेअर विकलं गेलं, आता कोणतं घ्यावं?

करवाला_जळगाव: मंडळी, माझी कर सल्लागाराची छोटी प्रॅक्टिस आहे. केळीचे अडते, जिनिंगवाले, नोकरदार मिळून साधारण तीनशे फायली. वापरात असलेली कंपनी मोठ्या कंपनीनं घेतली. आता कायमचं लायसन्स बंद, दरवर्षी भाडं. क्लाउडवर, म्हणजे नेटवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, या नाहीतर तीन वर्षांचे पैसे एकदम भरा. बजेट दहा हजार. दुसरं काय घ्यावं?

भुसावळचा_नाना: विनमॅन घ्या, डोळे झाकून.

धुळेकर: कॉम्प्युटॅक्स. बजेट जरा वाढवा, दहात काय येतं भो! मी सर्व्हर, चार युजर, जीएसटी, टीडीएस सगळं एकदम घेतलं.

रावेर_केळीवाला: आयकर खात्याची युटिलिटी, म्हणजे रिटर्न भरायचं त्यांचं सॉफ्टवेअर, फुकट आहे की. माझं रिटर्न मीच भरतो.

करवाला_जळगाव: दादा, एक रिटर्न वेगळं, तीनशे वेगळी. जुलैत एकेकाचं प्रीफिल (खात्याकडची आधीच भरलेली माहिती) उतरवत बसलो तर दिवाळी येईल.

भुसावळचा_नाना: विनमॅनच घ्या.

शहाद्याची_ताई: क्लाउड नकोच. वीज गेली, नेट गेलं की पक्षकार समोर बसलेला आणि आपण फोनच्या हॉटस्पॉटला हात जोडतोय.

धुळेकर: ताई, इन्व्हर्टर घ्या. नाहीतरी रिटर्न अपलोड करायला नेट लागतंच ना?

शहाद्याची_ताई: अपलोडला दोन मिनिटं लागतं. काम दिवसभर चालतं. आणि इन्व्हर्टरवर टॉवर चालत नाही, दादा.

अमळनेरचा_भाचा: मी अमेरिकन रिटर्नच्या बॅक ऑफिसला आहे. तिकडे हे जुनंच. ड्रेक हे छोट्या प्रिपेअररांचं, म्हणजे लोकांची रिटर्नं भरून देणाऱ्यांचं, लाडकं सॉफ्टवेअर. 2021 मध्ये सिनव्हेन या गुंतवणूक कंपनीनं ते घेतलं, 2022 च्या शेवटी टॅक्सॲक्टही घेतलं आणि दोन्ही टॅक्सवेल नावाखाली आणलं. टॅक्सॲक्टवर लोक स्वतःचं रिटर्न स्वतः भरतात. म्हणजे प्रिपेअरर आणि त्याच्याकडून निसटणारं गिऱ्हाईक, दोघांचे पैसे एकाच गल्ल्यात! इंट्युइटचंही तेच: लासर्ट तुमच्यासाठी, टर्बोटॅक्स तुमच्या गिऱ्हाइकासाठी. भाव वाढला तरी मोसमाच्या तोंडावर सॉफ्टवेअर कोण बदलणार, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं.

रावेर_केळीवाला: अमेरिकेत पगार किती देतात?

चाळीसगाव_लेखापाल: विकली जाण्यापेक्षा गाशा गुंडाळणं वाईट. इंट्युइटचं क्विकबुक्स हे हिशेबाचं सॉफ्टवेअर 2023 मध्ये भारतातून गेलंच ना. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, आधी डेटा काढा. भरलेल्या रिटर्नचं जेसन (डेटाची फाईल) खात्याच्या पोर्टलवर मिळतं. पण त्यामागची गणितं, शेअर्सचे तपशील, पार्टनरांची भांडवल खाती तुमच्याच संगणकात असतात. कॉम्प्युटेशन, ताळेबंद, घसाऱ्याचे तक्ते पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नवीन सॉफ्टवेअरवाला ‘सगळं इम्पोर्ट होतं’ म्हणाला, तर त्याच्यासमोर भागीदारी फर्मची एक फाईल टाकून दाखवायला सांगा. पगारदाराची कुठेही जाते. आणि 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, सगळ्याच कंपन्यांना आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करावे लागतायत. तीन वर्षांचे पैसे एकदम अजिबात भरू नका.

भुसावळचा_नाना: मीही हेच म्हणत होतो. डेटा महत्त्वाचा.

धुळेकर: तुम्ही फक्त विनमॅन म्हणत होता, नाना.

करवाला_जळगाव: सगळ्यांचे आभार. डेटा काढायला बसलोय, दोन डिस्क आणल्या. पण सॉफ्टवेअर जुनंच ठेवतोय आणि तीन वर्षांचे पैसे भरले. बजेट गेलं. ऑफिसातल्या मुलीचा हात त्यावर बसलाय. ती म्हणाली, नवीन आणलं तर जुलैत सुट्टीवर जाते. डीलरनं घासाघीस करून थोडं कमी केलं.

चाळीसगाव_लेखापाल: निदान डेस्कटॉपवरच राहू देणार, हे पावतीवर लिहून घ्या.

शहाद्याची_ताई: किती कमी केलं? त्या डीलरचा नंबर खासगीत पाठवा.