दादाने शिकवलेला पत्त्यांचा खेळ धाकट्याने वर्षाच्या आत करावा का?

साखळीची मावशी

नमस्कार. गेल्या जुलैमध्ये माझ्या बहिणीचा थोरला मुलगा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका कोंडीत, म्हणजे ओढ्यानदीच्या खोल डोहात, बुडून गेला. तो 19 वर्षांचा होता. आम्ही अजून शवागाराबाहेर उभे होतो, तोवर बातमीखाली अनोळखी लोकांचे अभिप्राय जमू लागले होते. 'दारू ढोसून उतरला असेल', 'आईबापांचे लक्ष कुठे होते' असे बरेच काही त्यात होते, आणि एकाने तर खदखदून हसणारा चेहरा टाकला होता. मुलगा दारूला शिवत नव्हता. हे सांगावे लागते याचीच मला लाज वाटते, कारण शिवत असता तरी बहिणीचे दुःख रतीभरही कमी झाले नसते.

आता धाकटा सहावीत आहे. दादाने शिकवलेला एकवीस पत्त्यांचा खेळ त्याला डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात करायचा आहे. वर्षश्राद्धाआधी मुलाने रंगमंचावर जादू करणे शोभत नाही, असे वाड्यावरच्या दोघातिघांनी बहिणीला ऐकवले, तेव्हापासून ती गप्प आहे. त्याला करू द्यावे का? शिवाय तो खेळ दादाकडून पुरता शिकून झालाच नव्हता, त्यामुळे शेवटी हमखास चुकतो. कोणी नीट समजावून सांगेल काय?

काणकोणकर

ताई, मी अग्निशमन दलातून निवृत्त झालो आहे आणि पाण्यातून माणसे काढण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. काठावर जमणाऱ्या गर्दीत एक वाक्य दरवेळी ऐकू येते: 'पोहता येत नव्हते तर उतरायचे कशाला?' प्रत्यक्षात बुडालेल्यांपैकी अनेकांना चांगले पोहता येत असते. आपल्याकडे ऊन असले तरी वर घाटात पाऊस कोसळला की कोंडीचे पाणी बघता बघता चढते, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही आणि धबधब्याखालचा भोवरा माणसाला वर येऊ देत नाही. किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, लाल बावटा असतो; रानातल्या बहुतेक कोंडींवर यातले काहीच नसते. 'दारू प्यायला असेल' असे म्हटले की म्हणणाऱ्याला हायसे वाटते, कारण आपण पीत नाही, म्हणजे आपल्या घरी असे होणार नाही, असा त्याचा हिशेब असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातले मला काही कळत नाही. मुलाला अडवू नका, एवढे मात्र सांगतो.

काजूबाग

थोडे वेगळे मत मांडतो, राग नसावा. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि नद्यांत उतरायला जिल्हाधिकारी बंदी घालतात, तरी लोक जातात. त्याबद्दल कोणी कडक शब्दांत लिहिले तर ते असंवेदनशीलच ठरते का?

काणकोणकर

ठरत नाही, पण ते कोणाच्या दारात आणि केव्हा बोलायचे याला महत्त्व आहे. तेच वाक्य मे महिन्यात शाळेत जाऊन मुलांना सांगितले तर ती सूचना होते. प्रेत घरी पोचण्याआधी आईला ऐकवले तर ती डागणी होते.

फोंड्याचा गुलाम

माझ्या टोपणनावावरून कळलेच असेल की मला पत्त्यांचा नाद आहे. 15 एप्रिल 1984 रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, टॉमी कूपर हा विनोदी जादूगार हृदयविकाराच्या झटक्याने रंगमंचावर कोसळला, आणि प्रेक्षक हसले. मुद्दाम फसलेल्या जादूंसाठीच तो प्रसिद्ध असल्याने त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. त्या हसण्याला मी कधीही निर्दय म्हणणार नाही, कारण त्यांना ठाऊक नव्हते. हसरा चेहरा टाकणाऱ्याने मात्र बातमीचा मथळा वाचलेला होता.

आता खेळ. कॅटमधून कोणतेही 21 पत्ते घ्यावेत. ते उघडे करून तीन रांगांत मांडावेत, पण एक रांग भरून मग दुसरी असे न करता पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या रांगेत एकेक, मग पुन्हा पहिल्या, अशा क्रमाने, म्हणजे प्रत्येक उभ्या रांगेत सात पत्ते येतात. समोरच्याने मनात एक पत्ता धरून फक्त रांग दाखवायची. ती रांग दुसऱ्या दोन रांगांच्या मध्ये ठेवून पत्ते उचलावेत आणि न पिसता पुन्हा तसेच मांडावेत. असे एकूण तीनदा केले की मनातला पत्ता अकरावा येतो.

यात हातचलाखी काहीच नाही. पहिल्यांदा उचलल्यावर तो पत्ता आठ ते चौदा या स्थानांत असतो, दुसऱ्यांदा उचलल्यावर दहा, अकरा किंवा बारा यांपैकी एका ठिकाणी, आणि तिसऱ्या मांडणीत ही तिन्ही स्थाने तीन वेगवेगळ्या रांगांत चौथ्या जागी जातात. त्यामुळे समोरच्याने तिसऱ्यांदा रांग दाखवताक्षणीच तिच्यातला चौथा पत्ता आपला, हे आपल्याला कळलेले असते. तरीही चेहरा कोरा ठेवून पत्ते उचलावेत आणि सावकाश अकरापर्यंत मोजावे. मुले बहुधा दुसऱ्या वेळी चुकतात: दाखवलेली रांग घाईत वर किंवा खाली जाते. तुमचा भाचाही तिथेच चुकत असावा.

लोकांचे म्हणाल, तर दादाची आठवण म्हणून भाषण केले असते तर याच मंडळींनी डोळे पुसले असते. खेळ शिकवणे हीदेखील त्या दोघांची गोष्टच होती. त्याला करू द्या.

साखळीची मावशी

आपणा सर्वांची आभारी आहे. चूक दुसऱ्या वेळीच होत होती. काल रात्री जेवणानंतर धाकट्याने दादाचाच कॅट काढला. त्यात चौकटची सत्ती नाही, पण एकवीसच लागत असल्याने अडले नाही. त्याने आईला समोर बसवले. तिसऱ्या वेळी तिने भलतीच रांग दाखवली आणि अकरावा पत्ता चुकला. तो रागावला नाही. 'आई, तू पत्त्यांकडे बघतच नव्हतीस' एवढेच म्हणाला, आणि पुन्हा मांडायला लागला.