समूहदर्शक शब्द पाठ होतात, पण लिहिताना का आठवत नाहीत?

प्रश्न (पालक, नाशिक)

माझी मुलगी पाचवीत असून शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते आहे. नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, उतारूंची झुंबड, आंब्यांची अढी ही सारी यादी ती एका दमात म्हणून दाखवते. परंतु परवा तिने आठवडी बाजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्यात केळी 'खूप' होती, मेथी 'खूप' होती आणि माणसेही 'खूप'च होती. शब्द खेळीमेळीने शिकवण्याचे आणि ते टिकवण्याचे स्वतः करून पाहिलेले उपाय कोणी सांगू शकेल का?

उत्तर (निवृत्त प्राथमिक शिक्षक)

ताई, जिने नाण्यांची चळत कधी रचलीच नाही, तिच्या दृष्टीने 'चळत' हा नुसता आवाज आहे. मी वर्गात मुलांना नाणी एकावर एक रचायला लावत असे आणि ज्याच्या हातून ती कोसळतील त्याने त्या शब्दाचे नवे वाक्य सांगायचे, असा नियम होता. मुलीला मंडईत न्या. मेथीची जुडी, केळ्यांचा घड, उसाची मोळी तिलाच मागू द्या. घरी एक दिवस 'खूप' हा शब्द वर्ज्य ठेवा आणि जो चुकेल त्याने जेवणाची ताटे उचलावीत. (आमच्याकडे बहुतेक वेळा ती मीच उचलली.)

उत्तर (पालक, ठाणे)

सरांचे म्हणणे पटते, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांना आंब्यांची अढी दाखवायची कुठे? म्हणून पाठांतराला मी कमी लेखणार नाही. मात्र यादी पुन्हा पुन्हा वाचणे आणि ती न पाहता आठवणे यांत फरक आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरते आणि उजळणी दिवसांवर विभागली तर कमी श्रमांत टिकते, असे त्यांतून दिसले. आम्ही चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच खण केले आहेत. कार्डाच्या एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला शब्द असतो; बरोबर आठवले की कार्ड पुढच्या खणात जाते, चुकले की पहिल्यात परतते. पहिला खण रोज उघडतो, शेवटचा महिन्यातून एकदा.

उत्तर (मराठीच्या शिक्षिका, माध्यमिक शाळा)

शब्दांच्या भेंड्यांविषयी एक सावधगिरी सुचवते: त्यांत मुले माहीत असलेलेच शब्द फिरवत राहतात, म्हणून अर्थ सांगितल्याशिवाय गुण देऊ नये. मोठ्या मुलांना शब्दांची कुटुंबे फार आवडतात. फळ्यावर 'हार' लिहून मागे एकेक उपसर्ग लावला की प्रहार, विहार, संहार, परिहार, उपहार असे अर्थ कुठल्या कुठे जातात. 'उपहार' म्हणजे भेट आणि 'उपाहार' म्हणजे अल्पाहार, हे कळल्यावर माझे विद्यार्थी 'उपहारगृह' लिहिलेल्या पाट्या शोधत हिंडू लागले, आणि त्या इतक्या सापडल्या की वही कमी पडली.

प्रश्नकर्त्या पालक

सर्वांचे आभार. काल 'खूप' वर्ज्य ठेवला. शाळेसमोरच्या रिक्षांना यादीत शब्द नाही, म्हणून मुलीने 'रिक्षांचा कळप' असे लिहिले आहे. सर, हे चालेल का?

निवृत्त प्राथमिक शिक्षक

परीक्षेत नको, निबंधात अवश्य राहू द्या.