मदत हवी आहे: जर्बिलचं पिल्लू काळं, स्लेट की बर्मीज?

नमस्कार मंडळी. जळगावहून लिहितेय. घरी जर्बिलची, म्हणजे उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याची, जोडी आहे, नर-मादी दोघंही काळीभोर. त्यांना चार पिल्लं झाली, आता सहा आठवड्यांची आहेत. दोन आईबापासारखीच काळी. अडचण उरलेल्या दोघांची.

एकाला रात्री ट्यूबलाइटखाली बघितलं तर काळंच वाटतं. सकाळी खिडकीपाशी, काळ्या भावाशेजारी धरलं, की चुलीतल्या राखेची झाक दिसते. फुंकर मारून केस बाजूला केले तर मुळाशीही तोच राखाडी रंग. दुसरं तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं. नाक, कान, पाय नि शेपटी अंगापेक्षा गडद. डोळे चौघांचेही काळे.

मी वाचलंय की काळ्या जोडीत राखाडीचा जनुक दोघांकडे लपलेला असेल तर स्लेट, म्हणजे गडद राखाडी, पिल्लू निघतं, आणि बर्मीजचं अंग तपकिरी, टोकं गडद असतात. मग पहिलं स्लेट आणि दुसरं बर्मीज म्हणायचं का? नटमेग या तिसऱ्या रंगप्रकाराचा विचार मी सोडला, कारण ती पिल्लं लहानपणी केशरी असतात. ही तशी कधीच नव्हती.

पहिली कात, म्हणजे केस बदलणं, आत्ताच सुरू झालंय. ते पुरं होईपर्यंत थांबू का? शिवाय इथल्या उन्हाळ्यात पिंजरा कूलरच्या खोलीत ठेवते, पण थेट वारा लागू देत नाही. उजेडही कमीच असतो. ज्यांनी स्लेट नि काळं दोन्ही पाळलंय, त्यांनी कृपया सांगा: उन्हात नेमकं कुठे बघायचं? पोटाकडे, की कानामागे?