जतन केलेल्या इंजिनांची नोंद: रंगवलेला नंबर खरा की लोखंडावर ठोकलेला?

घाटमाथा (नाशिकरोड):
चौथऱ्यावर उभं केलेलं इंजिन म्हणजे ते वाचलं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं, त्याची नीट नोंद नसेल तर ते अर्धंच वाचलं. इंजिनं हलतात, रंगतात, नंबर बदलतात. फेअरी क्वीन घ्या. १८५५ चं इंजिन, ईस्ट इंडियन रेल्वेचा नंबर २२. नाव मिळालं १८९५ मध्ये. १९०९ ला सेवेतून निघालं, हावड्याला उभं राहिलं, १९४३ मध्ये चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेलं, तिथून दिल्लीच्या संग्रहालयात, आणि १९९७ मध्ये पुन्हा रुळावर! इतकं नावाजलेलं म्हणून हा प्रवास आपल्याला माहीत. एखाद्या वर्कशॉपच्या दारातल्या बिननावाच्या शंटिंग इंजिनाचा कोण सांगणार?

आपल्या घाटाचंच बघा. कसारा-इगतपुरी चढाला ३७ ला १ चा उतार. तिथे मालगाड्या ओढणारा 'खेकडा', म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा ईएफ/१ हा इलेक्ट्रिक इंजिनांचा वर्ग, पुढे त्याचं नाव डब्ल्यूसीजी-१ झालं. एकूण ४१ आली, पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून, बाकी इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. त्यातलं ४५०२, 'सर लेस्ली विल्सन', दिल्लीत आहे आणि एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. नाशिककराला आपल्या घाटाचं इंजिन बघायला वरळी गाठावी लागते, ते असो.

आपण चार-पाच जणांनी मिळून नोंदवही सुरू करावी. बांधणाऱ्याचं नाव, कारखान्याने इंजिनाला दिलेला क्रमांक, वर्ष, वर्ग, लागलेले सगळे नंबर, गेज, जागा, छत आहे की नाही. नियम दोनच. पाहिल्याची तारीख नसेल तर नोंद घ्यायची नाही. आणि नंबर घ्यायचा तो लोखंडावर ठोकलेला: फ्रेमवर, चाकं फिरवणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर, चाकं एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंग रॉडवर. केबिनवर रंगवलेला किंवा समोरच्या फलकावरचा नाही. फलक बहुतेकदा पेंटरच्या हातात दिलेल्या चिठ्ठीवरून रंगतो.

एकलहरे:
घाटमाथा, ठोकलेल्या नंबरावर तुमचा फारच विश्वास दिसतोय. माझी नोकरी ट्रॅक्शन मोटर, म्हणजे इलेक्ट्रिक लोकोची चाकं फिरवणारी मोटर, उघडण्यात गेली. मोटर एका लोकोची येते आणि दुरुस्त होऊन दुसऱ्याच लोकोखाली बसते. कायम असंच चालतं, कारण मोटरसाठी लोको शेडमध्ये अडकवून ठेवणं परवडत नाही. बोगीचं, म्हणजे लोकोखालच्या चाकांच्या गाड्याचंही तेच. स्टीमला बॉयलर बदलायचे, रॉड बदलायचे. मग रॉडवरचा आकडा टिपून तुम्ही नेमकं कोणतं इंजिन नोंदवणार?

मूळ हरकत वेगळीच आहे. या नोंदवहीने इंजिनाचं काय भलं होणार? इगतपुरीचा पाऊस आठवा. बॉयलरवरच्या पत्र्याखाली लॅगिंग, म्हणजे उष्णता धरणारं आवरण असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि आतली प्लेट बाहेरून खात जाते. अॅशपॅनमध्ये (राखेच्या तळात) पाला साचतो, टेंडरच्या (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) तळाशी पाणी. वरून दर वर्षी-दोन वर्षांनी गंजावरच काळा रंग मारला की फोटोत इंजिन झकास. तुमच्या वहीत 'स्थिती: चांगली' लिहिलं जाईल. चार जणांची ताकद असेल तर ती छताच्या मागणीत घाला.

घाटमाथा:
रॉड बदलतात हे मान्यच, म्हणून तर एका जागेवरचा नाही, तीन-चार जागांचे नंबर घ्यायचे. तिन्ही वेगळे निघाले तर तेच लिहायचं, वर्कशॉपचा इतिहास तिथेच कळतो. इलेक्ट्रिकला मोटर सोडा, अंडरफ्रेम बघा.

छताबद्दल सांगतो. छत मागायला अर्ज लागतो आणि अर्जाला पुरावा. 'इंजिन खराब होतंय' या वाक्याला उत्तर ठरलेलं: 'देखभाल नियमित सुरू आहे'. त्याच कोपऱ्याचे, त्याच कोनातून, तारखेसकट दोन पावसाळ्यांचे फोटो जोडले की मग ते वाक्य लिहिणं जड जातं. माहिती अधिकारातही असंच आहे. 'तुमच्याकडे जुनी इंजिनं किती' विचारलं तर मोघम उत्तर येतं. नंबर घालून विचारा, तीस दिवसांत काहीतरी ठोस द्यावं लागतं.

द्वारकासर्कल:
+१ घाटमाथा. पण अॅशपॅनमधला पाला वाचून एकलहरेकाकांनाही +१ :)

भद्रकाली_भंगार:
माझा या योजनेला साफ विरोध, आणि कारण कुणीच बोलत नाहीये. पितळ. बिल्डर प्लेट, म्हणजे बांधणाऱ्याच्या नावाची पट्टी, पितळी, बरेच कॉक-व्हॉल्व्ह गनमेटलचे. जतन केलेल्या इंजिनांवर आधी काय नाहीसं होतं? हेच. आणि तुम्ही काय करणार? कुठल्या इंजिनावर प्लेट अजून शाबूत आहे, कुंपण किती उंच आहे, रात्री दिवा आहे का, याची यादी फोटोसकट जगासमोर मांडणार! भंगारवाल्याला घरपोच कॅटलॉग. शिवाय फ्रेमवरचा ठोका वाचायला माणूस चाकांमध्ये घुसणार. यार्डात उभं इंजिन असेल तर रेल्वे कायद्याचं कलम १४७, विनापरवाना प्रवेश. कॉलेजची पोरं तुमचा फॉर्म भरायला रूळ ओलांडतील, मग जबाबदार कोण?

सिन्नरफाटा:
भद्रकाली भाऊ, स्टेशनच्या दारात उभ्या इंजिनाजवळून रोज हजारो माणसं जातात. चोराला तुमच्या-आमच्या वहीची गरज नाही. उलट प्लेट कधीपर्यंत जागेवर होती हे नोंदलेलं असेल तरच चोरीची तक्रार तरी करता येईल. नाहीतर 'ती आधीपासूनच नव्हती' हे ऐकून परत या. यार्डाचं मात्र बरोबर बोललात. परवानगीशिवाय आत जाऊन घेतलेली नोंद स्वीकारायचीच नाही.

रनिंगरूम_सून:
सगळ्यांचं वाचलं. पण अख्ख्या फॉर्ममध्ये माणसाला एकही रकाना नाही. माझे सासरे इगतपुरीला बँकरवर होते. गाडीला मागून जोर द्यायचा, माथ्यावर सुटायचं, परत खाली कसाऱ्याला. पुढच्या आणि मागच्या लोकोचा मेळ शिट्टीवर कसा राखायचे, खेकडा उभा असताना कण्हल्यासारखा आवाज का यायचा, हे त्यांना विचारणारं कुणी आलं नाही. इगतपुरीला डीसीचा लोको काढून एसीचा लागायचा, तेवढ्यात आपण प्लॅटफॉर्मवर वडे खायचो. त्या दहा-पंधरा मिनिटांत खाली रुळात उतरून कपलिंग सोडणारा माणूस कुठल्या संग्रहालयात आहे? तुमचा कारखाना क्रमांक शंभर वर्षांनीही वाचता येईल. ती माणसं ऐंशीच्या पुढे गेलीत. आधी कुठे जायचं ते ठरवा.

घाटमाथा:
ताई, तुमचा मुद्दा मला खरंच जड जातोय. तरी एक सांगतो. आठवण आणि इंजिन जोडणारा दुवा नंबरच असतो. एक काका ज्याला खेकडा म्हणतात त्याचं वर्णन नंतरच्या डब्ल्यूसीएम या दुसऱ्या इलेक्ट्रिक वर्गाशी जुळतं, असं होतं. लोकोचा नंबर विचारला की ड्रायव्हर लोकांना वर्ष, शेड, सोबतचा असिस्टंट, सगळं धडाधड आठवतं. वही बाजूला ठेवून गप्पा मारल्या तर छान गप्पा होतील, नोंद होणार नाही.

रनिंगरूम_सून:
मग गप्पाच मारा आधी. नंबर ते स्वतःहून सांगतील.

टेंडर:
अवांतर, पण महत्त्वाचं. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी एक्स वर्गाची नवी वाफेची इंजिनं बांधली. जुनी एक्स विंटरथूरची, म्हणजे खेकड्याच्याच माहेरची. नवी चालतात, वाफ सोडतात, पर्यटक फोटो काढतात. यांना नोंदवहीत वारसा म्हणून घेणार का? आणि पेरांबूरला पुन्हा उभं केलेलं ईआयआर (ईस्ट इंडियन रेल्वे) २१, ज्याने २०१० च्या स्वातंत्र्यदिनी धाव घेतली, ते १८५५ चं लिहायचं की २०१० चं?

एकलहरे:
टेंडर, तुम्ही माझं काम सोपं केलंत. चालतं इंजिन म्हणजे सतत सुटे भाग बदलणं. जितकं जास्त चालवाल तितकं मूळ लोखंड कमी. म्हणून 'अस्सल कोणतं' हा खेळच मला फसवा वाटतो.

घाटमाथा:
दोन्ही वर्षं लिहायची. बांधणी १८५५, पुनर्बांधणी २०१०. निलगिरीच्या नव्या इंजिनांना वेगळा विभाग. यात फसवं काय? फसवं होतं ते एकच वर्ष रंगवून मोकळं होणं. नेरळ-माथेरानची चार वाफेची इंजिनं बघा, सगळी ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची. ७३८ नंबरचं दिल्लीत, एक थेट ब्रिटनमध्ये. कोणतं कुठे हे आज सांगता येतं ते नंबर टिपणाऱ्या लोकांमुळेच.

आजपासून फॉर्ममध्ये हे बदल: पितळी भागांचे फोटो आणि तपशील सभासदांपुरते बंद, जागा खुली. यार्डातली नोंद परवानगीपत्राशिवाय नाही. 'स्थिती: चांगली' हा पर्यायच काढला, त्याऐवजी छत, लॅगिंग, अॅशपॅन, टेंडरचा तळ असे चार प्रश्न. काका, ते तुमच्याकडूनच आलेत. आणि माणसांसाठी स्वतंत्र पान, ते ताईंनी बघावं अशी विनंती.

भद्रकाली_भंगार:
सभासदांपुरतं म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप ना? मग संध्याकाळपर्यंत जगभर. माझा विरोध कायम.

रनिंगरूम_सून:
पान घेते. पण त्यात नंबराचा रकाना शेवटी.

एकलहरे:
छताचा अर्ज लिहिलात की कळवा, सही करतो. वहीवर माझं नाव नको.