साशिकोतील चुण्या आणि रिंगचा वापर
साशिकोचे (धावदोऱ्याच्या साध्या टाक्यांच्या जपानी भरतकामाचे) टाके घालताना कापडाला चुण्या पडतात म्हणून ते भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवावे, हा सल्ला मला पटत नाही. जपानी पद्धतीत सुई बहुतांशी स्थिर राहते आणि कापडच तिच्यावर पुढेमागे हलवत एका दमात अनेक टाके भरून घेतले जातात. कापड ताणले की ही हालचालच थांबते, टाके एकेक करून घालावे लागतात आणि ओळीची लय बिघडते. चुण्यांवरचा खरा उपाय म्हणजे 'इतोकोकी': दोरा ओढून घेतल्यावर लगेच अंगठा व तर्जनी यांनी ती ओळ सुरुवातीकडून टोकाकडे सपाट करत न्यायची, म्हणजे दोरा कापडात सैलपणे सामावतो. जेथे ओळ वळते तेथे मागच्या बाजूस दोऱ्याचा लहानसा सैल वळसाही ठेवावा.

साशिकोचा क्विल्ट (थर घालून शिवलेली गोधडी) करायचा असेल, तर तो लहान असला तरी आतला जाड थर आधी लावू नये. ईशान्य जपानमधील तोहोकूसारख्या थंड प्रदेशात मुळात कापडावर कापड ठेवूनच साशिको करत असत, आणि जाड थरातून सुईवर टाके भरताही येत नाहीत. म्हणून वरचे कापड व पातळ सुती अस्तर एवढ्यावर नक्षी पूर्ण करून मगच जाड थर आणि पाठ (मागचे कापड) जोडावी. 'आसानोहा' (भांगाच्या पानासारख्या) नक्षीत रेषा जेथे एकत्र येतात, तेथे मध्यबिंदूवर टाके एकमेकांना भिडू न देता बारीक मोकळी जागा सोडावी. तेथे दोऱ्यांचा गठ्ठा झाला तर सुंदर नक्षीही जड दिसते.