३०४ स्टेनलेसचा जोड गंजलाय, नायटल लावून काहीच दिसत नाही

फोंडा_मेक:
फर्मागुडीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कुटबण जेटीवरच्या एका ट्रॉलरचं मोडकं रेलिंग मिळालंय, पाइप ३०४चा, जोडापाशी तांबडा गंज आणि बाकी सगळा चकचकीत. तुकडा कापून बेकेलाइटमध्ये माउंट केला, एमरी पेपर, मग डायमंड पेस्ट, आरशासारखं पॉलिश झालं, आतली रचना दिसावी म्हणून नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं द्रावण) लावलं तर मायक्रोस्कोपखाली नुसतं पांढरं. डायरेक्ट सेमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) पाठवू का?

लॅबवाला_काका:
सेमचा नाद सोड सध्या. नायटल साध्या स्टीलसाठी रे, ३०४मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, त्याचा ऑक्साइडचा थर त्याला दाद देत नाही. १०% ऑक्झॅलिक ॲसिड घे, सॅम्पल पॉझिटिव्हला, स्टेनलेसचाच दुसरा तुकडा निगेटिव्हला, दर चौरस सेंटिमीटरला १ ॲम्पियर, दीड मिनिट. एएसटीएम ए२६२ या चाचणीच्या मानकातली प्रॅक्टिस ए ती हीच. आणि बेकेलाइटमधून करंट जाणार कसा? मागून धातूपर्यंत भोक पाडून वायर टेकव, इथेच सगळे अडकतात. ग्लोव्हज घाल, फ्यूम हुडमध्येच कर, ऑक्झॅलिक विषारी असतं.
एखाद्या तरी ग्रेनभोवती (धातूच्या स्फटिकाभोवती) काळा चर पूर्ण फिरलेला दिसला तर सेन्सिटायझेशनचा संशय धर: ४५० ते ८५० डिग्रीत रेंगाळून क्रोमियम कार्बाइड बनलं आणि ग्रेनच्या बाउंड्रीलगतचं क्रोमियम कमी पडलं, म्हणून तिथे गंजतं.

वास्को_वेल्डर:
लॅबचं मला कळत नाही, पण गंज नक्की कुठे आहे ते बघितलं का? बीडला (वेल्डच्या रेघेला) चिकटून, तापून आलेल्या निळ्या-पिवळ्या रंगावर असेल तर वेल्डिंगनंतर पिकलिंग (ॲसिडने साफ करणं) केलंच नाही, जेटीवर कोण करतो! आणि पुष्कळ जण एमएसवर (साध्या स्टीलवर) चालवलेलाच ब्रश स्टेनलेसवर फिरवतात, मग लोखंडाचे कण चिकटतात आणि तेच गंजतात. तो गंज घासला की जातो.

फोंडा_मेक:
बीडपासून थोडा लांब, दोन्ही बाजूंना पट्टा आहे, घासून जात नाही. मालक म्हणतो दरवर्षी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तिथेच परत वेल्ड मारून घेतो.

लॅबवाला_काका:
मग जमतंय. पातळ पाइप एका वेल्डमध्ये पटकन थंड होतो, म्हणून मला शंका होती, पण दरवर्षी तिथेच तापवलं तर काय होणार. बीड, पट्टा आणि चांगला पाइप तिन्ही येतील असा आडवा तुकडा काप, कूलंट चालू ठेवून, नाहीतर कापतानाच तापवशील. मालकाला पुढच्या वेळी ३०४एल घ्यायला सांग, कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो, म्हणून कार्बाइड कमी बनतं. खाऱ्या हवेसाठी खरं तर ३१६एल, मॉलिब्डेनमवालं, पण किंमत ऐकून तो तुलाच बोटीतून ढकलेल.