अनुभव धागा: देश हादरला, तेव्हा तुमच्या गावात काय बदललं?

राष्ट्रीय दुखवटा संपतो, झेंडे पुन्हा वर चढतात. त्यानंतर घरातलं बोलणं, मतदान, धंदा, सण यांत काय फरक पडला? गोव्यातल्यांनी लिहावं. पाहिलेलं लिहा, ऐकीव नको.

डिचोली, निवृत्त शिक्षिका

३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. सकाळी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या, आकाशवाणीने निधन जाहीर केलं संध्याकाळी. तोवर वाड्यावर सगळ्यांना कळलेलं होतं, कारण शेजारच्या काकांकडे बीबीसी लागायचं.

आमचं घर कट्टर मगोचं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं. पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर यांचा फोटो देवांच्या रांगेत आणि मगोचा सिंह सोडून दुसऱ्या निशाणीवर शिक्का मारणं म्हणजे बाटणंच. आणीबाणीपासून बाबा इंदिराबाईंचं नाव निघालं तरी चिडायचे. त्या रात्री मात्र ते जेवले नाहीत. आजी एवढंच म्हणाली, "राखणदारांनीच मारली गो तिला." आमच्याकडे राखणदार म्हणजे गाव राखणारा देव, त्याला नारळ ठेवतात, त्यामुळे बायकांना राजकारणापेक्षा हेच जास्त लागलं. शेजारणी दुपारच्या बसून पंजाब, सुवर्णमंदिर असलं काहीबाही बोलू लागल्या. त्याआधी त्यांच्या तोंडी कधी दिल्लीचा विषय नसे.

डिसेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकदमच आल्या. पणजीची लोकसभेची जागा १९८० साली मगोच्या संयोगिता राणेंनी जिंकली होती, ती आता काँग्रेसच्या शांताराम नाईकांकडे गेली. विधानसभेत ३० पैकी काँग्रेस १८, मगो ८. बाबांनी एक शिक्का काँग्रेसच्या हातावर मारला नि दुसरा सिंहावर. हे त्यांनी आईला सांगितलं, मला नाही. सगळी सहानुभूतीची लाटच होती असं म्हणतात ते मला पूर्ण पटत नाही. आमच्यासारख्या घरांत लोक हिशेब करून रडले.

काणकोण, तेव्हा दिल्लीत नोकरीला

बाई, तुमच्याकडे लोक रडत होते तेव्हा आमच्याकडे शीख माणसं जाळत होते. नुसत्या दिल्लीतला मृतांचा सरकारी आकडा २,७३३. आमच्या ऑफिसातला सरदार सहकारी परतला तो केस कापून, दाढी काढून. कुणी त्याच्याकडे सरळ बघेना. पुढे राजीव गांधी म्हणाले की मोठं झाड पडलं की धरती हादरतेच.

नाताळात गावी आलो. हे सांगायला लागलो की मावशी म्हणे, "आता ते नको रे, बिचारा राजीव पोरका झालाय." काँग्रेसला ४०० च्या वर जागा मिळाल्या. माझ्या मते त्या निवडणुकीचा खरा निकाल मावशीच्या त्या एका वाक्यात होता.

सत्तरी

आमच्यात काय बदललं? काही नाही. रेडिओवर गाणी बंद, नुसती सारंगी. मग कालो (देवळाचा उत्सव) आला, नाटकाच्या तालमी सुरू. खोटं कशाला लिहू?

मालीम, ट्रॉलरवाला

माझ्यासाठी १९८४ नाही, २००८ चं २६/११. हल्लेखोर पोरबंदरचा 'कुबेर' हा मासेमारी ट्रॉलर बळकावून मुंबईच्या दिशेने आले, हे कळलं आणि त्या दिवसापासून समुद्रावरचा प्रत्येक रापणकार, खलाशी संशयित झाला. खलाशांची ओळखपत्रं, होड्यांची नोंदणी, रात्री अडवून विचारपूस. आमचे अर्धे खलाशी परप्रांतीय, त्यांचे कागद जमवता जमवता हंगाम जायचा. वर्षअखेरीच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांवर सरकारने बंदी घातली, म्हणून मासळीची मागणीही पडली. घरमालक भाडेकरूंचे फॉर्म पोलीस स्टेशनला नेऊन द्यायला लागले.

दिल्लीत शिवराज पाटलांनी राजीनामा दिला, डिसेंबरातच एनआयएचा (राष्ट्रीय तपास संस्थेचा) कायदा झाला. आणि २००९ च्या मेमध्ये तेच सरकार परत आलं! राग कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही. ओळखपत्रं मात्र राहिली.

पणजी, तरुण मतदार

२०१९ बद्दल लिहितो. फेब्रुवारीत पुलवामा, ४० जवान गेले. कॉलेजात वर्गातसुद्धा "तू कोणाच्या बाजूचा" असा सूर. मार्चमध्ये मुख्यमंत्री पर्रीकर गेले. मिरामार किनाऱ्यावर अंत्यसंस्काराला जी गर्दी झाली तशी मी पाहिली नव्हती. देशाचं दुःख आणि आपलं दुःख एकदम, मला वाटलं आता भाजपला कोण अडवणार? पण एप्रिलच्या लोकसभेत उत्तर गोवा श्रीपाद नाईकांनी राखलं, दक्षिण गोवा काँग्रेसच्या सार्दिनांनी घेतलं. आणि मे महिन्यातल्या पोटनिवडणुकीत पर्रीकरांचीच पणजी, १९९४ पासून भाजपकडे असलेली, बाबूश मोन्सेरात काँग्रेसच्या तिकिटावर जिंकले.

जुलैत ते इतर नऊ जणांसह भाजपमध्ये गेले. मिरामारला माझ्या शेजारी उभे राहून रडलेले काका त्या दिवशी म्हणाले, "बघ, जागा परत आली ना?"